अवघड करून ठेवलेली वाट

काउंटरवर आधी एक फॉर्म भरायचा. पडलात, मोडलात तर जबाबदारी तुमची, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. तो कोणी वाचत नाही, सही मात्र सगळे करतात. मग भाड्याचे बूट, नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर लहान, आत बोटं मुडपून बसतील असे. माझी अकरा वर्षांची भाची ते घालून बदकासारखी चालत भिंतीपाशी गेली, शिकवणाऱ्या पोराशी काहीतरी बोलली आणि परत येऊन म्हणाली, "मामा, गुलाबी वाटेनंच जायचंय. हिरव्याला हात लावला की आऊट."

पुढचा तासभर मी गादीच्या कडेला बसून या एकाच नियमाचा विचार करत होतो. हाताशी हिरवा होल्ड, म्हणजे भिंतीवर बसवलेली पकड, आहे, चांगला तवा धरावा तसा धरता येईल एवढा. पण तो धरायचा नाही. वाट आहे आणि ती कोणीतरी मुद्दाम अवघड करून ठेवली आहे. आम्ही खडकवासल्याचे, गच्चीत कपडे वाळत घालताना सिंहगड दिसतो. त्यामुळे या कल्पनेचं मूळ शोधायला आम्हाला फार लांब जावं लागत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात गडकोटांवर एक प्रकरण आहे आणि त्यात वाटांविषयी स्पष्ट सूचना आहे. गडाची वाट सुगम नसावी; असलीच तर मोडावी, तिच्यावर झाडी वाढवावी आणि दुसरीकडून कठीण वाट घालावी. क्लाइंबिंगच्या जिममध्ये ड्रिल घेऊन जो माणूस होल्ड काढत-बसवत असतो, त्याला रूट-सेटर म्हणतात. त्याच्या नोकरीचं वर्णन अमात्य तीनशे वर्षांपूर्वीच करून बसले आहेत. हेतू तेवढा वेगळा. अमात्यांना कोणी वर यायलाच नको होतं. रूट-सेटरला लोक वर यायला हवे असतात, फक्त पहिल्याच खेपेला नकोत. पुढच्या महिन्याची फी भरायला ते परत आले पाहिजेत ना.

वाट मोडणारे होते तसे काढणारेही होते, आणि ते बहुधा आधीपासून होते. सह्याद्रीत कोकण आणि घाटमाथा यांच्यामध्ये जागोजागी सरळसोट कातळ उभा आहे, पण मीठ, तांदूळ, लग्नसंबंध यांना तर ये-जा करावीच लागते. भीमाशंकरला खांडसकडून चढणाऱ्या वाटेचं नावच शिडी घाट आहे. अशा ठिकाणी गावकऱ्यांनी झाडाचं खोड टेकवून निसण केली, नाहीतर छिन्नीने कातळात खोबण्या मारल्या. खोबण म्हणजे पायाचा चवडा किंवा हाताची चार बोटं मावतील एवढा खड्डा. या वाटांनी डोक्यावर ओझं घेऊन बायका चढायच्या. त्यांचा भरवसा पायांवर, हात फक्त तोलापुरते. जिममधला पोरगा भाचीला खालून सारखं हेच ओरडून सांगत होता: "ओढू नको, पायावर उभी राहा!"

खोबण किती विचार करून मारलेली असते हे पाहायचं तर त्र्यंबकजवळच्या हरिहरला जावं. तिथल्या खड्या जिन्याच्या पायऱ्यांना दोन्ही कडांना खाचा आहेत. हात आपोआप जिथे जाईल नेमकी तिथे खाच सापडते, आणि शेकडो वर्षांच्या तळव्यांनी तिची कड लोण्यासारखी गुळगुळीत झाली आहे. कोणाही रूट-सेटरने हेवा करावा असं काम.

आता सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचं नाव काढलं की डोळ्यांसमोर घोरपड येते. घोरपड आणली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने. सभासद बखरीत ती नाही. बखरीत जे आहे ते मला जास्त रोमांचक वाटतं. तानाजीने दोन मावळे निवडले, ते माकडासारखे कडा चढून गेले, वरून त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली आणि बाकीचे तिच्यावरून वर आले. हे कोणत्याही प्रस्तरारोहकाला वाचून दाखवा, तो म्हणेल, बरोबरच आहे. सगळ्यात तरबेज माणूस आधी वरच्या दोराशिवाय चढतो, वर दोर पक्का करतो आणि मागचे त्या दोरावर येतात. आजची भाषा त्याला लीड करणं म्हणते. त्या दोघांची नावं कुठे घेतली जात नाहीत, घोरपडीला मात्र यशवंती हे नावसुद्धा मिळालं. तसं पाहिलं तर घोरपडीची कथा सिंहगडाहून जुनी आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्यात आडनावाचा उगम असाच सांगतात: बहमनी काळात पूर्वजांनी खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीला दोर बांधून चढल्याचा.

मग १८१८ आलं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी किल्ले पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून अमात्यांचाच उपाय वापरला, फक्त झाडी वाढवण्याऐवजी दारू ठासली. अलंग-मदनकडच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. हरिहरचा जिना कॅप्टन ब्रिग्जला इतका आवडला की त्याने तो तसाच ठेवला, असं सांगतात. अलंगला आज जाल तर तुटलेल्या पायऱ्यांच्या जागी उघडा कातळटप्पा लागतो आणि दोर काढावा लागतो. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी पहिला दोर धरला तो अशा उडवलेल्या जिन्यांच्या जागी. ब्रिटिश फौजेने महाराष्ट्राच्या प्रस्तरारोहणाला केलेली ही नकळत मदत.

पुढचं शिक्षण हिमालयातून आलं. मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहकांची संस्था १९५४ साली निघाली. त्याच साली दार्जिलिंगची गिर्यारोहण संस्था सुरू झाली. तिथे आणि पुढे उत्तरकाशीला कोर्स करून आलेली पोरं गाठी, मेखा, कॅराबिनर ही भाषा घेऊन परतली आणि नागफणी, तैलबैला, कोकणकडा यांच्याकडे नव्या नजरेने पाहू लागली. पुण्यात १९८२ साली गिरिप्रेमी उभी राहिली. पायात हंटर बूट, पाठीवर उधार आणलेला दोर.

आपला खडक मात्र हिमालयातल्यासारखा नाही, आणि युरोपातल्यासारखाही नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर, एकावर एक रचलेले. एक थर घणासारखा टणक, त्यावरचा भुसभुशीत, मध्ये गवताची पट्टी. अनुभवी माणूस पकड धरण्याआधी तिच्यावर बोटाने टकटक करतो, बाजारात नारळ वाजवून घेतात तसा. पोकळ वाजली की सोडून द्यायची. पावसाळ्याचे चार महिने तर कातळाला शेवाळ. मग सराव कुठे करायचा?

हाच प्रश्न पावसाच्या दुसऱ्या एका देशात पडला होता. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या डॉन रॉबिन्सनने पाहिलं की हिवाळाभर घरात बसलेले विद्यार्थी वसंतात थेट कड्यावर जातात आणि दुखापती करून घेतात. १९६४ साली त्याने विद्यापीठाच्या एका बोळातल्या भिंतीच्या काही विटा काढून त्यांच्या जागी दगड बसवले. कातळ खणून केलेली आमची खोबण आत जाते, त्याचा दगड बाहेर आला. पण कल्पना एकच: कोणीतरी आधी ठरवून दिलेली पकड. ऐंशीच्या दशकात फ्रान्समध्ये बोल्टने आवळता-सोडवता येणारे राळेचे होल्ड आले आणि वाट बदलणं अर्ध्या तासाचं काम झालं. १९८७ साली अमेरिकेत सिएटलला तिकीट काढून चढायचं पहिलं सभागृह उघडलं.

आपल्याकडे भिंती आधी उघड्यावर आल्या, शाळांच्या आवारात, क्रीडासंकुलांत. कोथरूडला राजा शिवराय प्रतिष्ठानच्या आवारातली भिंत पुण्यातल्या मुलांच्या ओळखीची. २०१६ साली गिरिविहारने नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक भरवला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने १५ मीटरची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्ण घेतलं. त्या वेगाच्या शर्यतीतली वाट मात्र जगभर एकच असते, होल्डसुद्धा त्याच जागी. अमात्यांना ती मुळीच पटली नसती.

आणि आता या भिंती छपराखाली, पंख्याखाली, रविवारी वाढदिवसाच्या पार्ट्यांसकट. त्या दिवशी हिंजवडीचं ओळखपत्र गळ्यातून काढून ठेवलेला एक दणकट तरुण निव्वळ दंडाच्या जोरावर वर गेला आणि दहा मिनिटांत त्याचे हात असे भरून आले की पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरेना. शेजारी साठीच्या एक बाई, पंजाबी ड्रेसवर हार्नेस, प्रत्येक होल्डवर थांबून, विचार करून चढत होत्या. त्या शेंड्याला टेकल्या आणि खाली येताना डोळे घट्ट मिटून आल्या. चढायची भीती वाटली नाही, दोरावर बसायची वाटली, असं मागून सांगत होत्या. भाची गुलाबी वाटेवर तीनदा एकाच जागी पडली. तिथला होल्ड गुळगुळीत, अर्ध्या नारळासारखा, आणि त्याला धार कुठेच नाही. "परवा परत येऊ," ती म्हणाली, "मला कळलंय पाय कुठे ठेवायचा ते."

परवाऐवजी पुढचा रविवार उजाडला. ती बूट न घालताच धावत भिंतीपाशी गेली आणि तिथेच थांबली. त्या कोपऱ्यात आता पिवळ्या होल्डची वाट होती. गुलाबी होल्ड मागच्या बाजूला, साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवलेले. एक पोरगा टूथब्रशने त्यांच्यावरची खडूची पांढरी पुटं घासत होता. भाचीने बादलीत हात घालून तो अर्धा नारळ बरोबर शोधून काढला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि त्याला विचारलं, "हा परत कधी लावणार?"

"लावू की," तो म्हणाला, "पण तिथे नाही."