दंतोद्भेद व हिरड्यांची सूज : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : बालकास साधारणतः सहाव्या महिन्यापासून दात येऊ लागतात. त्या वेळी दात येण्याच्या जागी हिरडी फुगते, लाळ गळते आणि बालक हाती येईल ते चावू लागते. मात्र ताप व जुलाबही ‘दात येताहेत’ म्हणून दुर्लक्षिले जातात. या समजुतीस दीर्घ इतिहास आहे.

आढावा : वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’च्या उत्तरस्थानात दंतोद्भेदास सर्व रोगांचे कारण मानले आणि बालकाच्या त्या पीडेची तुलना तुरा फुटणाऱ्या मोराशी केली. तथापि दात आल्यावर हे विकार आपोआप शमतात, म्हणून बालकास उपचारांनी फार जाचू नये, असेही त्याने सांगितले. डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या ‘सार्थ वाग्भट’ या ग्रंथाने हा विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला. याउलट युरोपात सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे याने हिरडी चिरण्याचा उपाय सुचविला. पुढे ब्रिटनमध्ये दातांसाठी दिल्या जाणाऱ्या पुडीतील पारायुक्त कॅलोमेलमुळे बालकांना ‘गुलाबी रोग’ जडला; १९५४ मध्ये ते वगळल्यानंतर हा रोग झपाट्याने ओसरला.

निष्कर्ष : वाग्भटाचे निदान आज मान्य नाही, त्याचा संयम मात्र ग्राह्य ठरतो. दातापुरती सूज स्वाभाविक होय. तीव्र ताप वा जुलाब हा स्वतंत्र आजार होय. कुत्र्याच्या पिलाचे दात बदलतानाही हिरडी तात्पुरती सुजते. प्रौढ जनावराची सतत लाल राहणारी हिरडी हा विकार असतो. दिघाशीसारख्या खेड्यातील मातेसही हा भेद ज्ञात असणे अगत्याचे आहे.