टोरांटो की मॉन्ट्रियल? ऑस्लर यांची निवड

१/ साल १८७०. टोरांटो स्कूल ऑफ मेडिसिनमध्ये दोन वर्षे शिकलेल्या २१ वर्षांच्या विल्यम ऑस्लर यांच्यापुढे प्रश्न होता : इथेच पदवी घ्यावी, की मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात जावे?

२/ टोरांटोत आपुलकी होती. गुरू जेम्स बोव्हेल यांचा ग्रंथसंग्रह आणि सूक्ष्मदर्शक ऑस्लर यांना सदैव खुले असत. मात्र त्याच वर्षी बोव्हेल वेस्ट इंडीजला गेले.

३/ मॅक्गिलचे वैद्यकशिक्षण एडिनबराच्या परंपरेत वाढले होते. मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटलच्या वॉर्डांत विद्यार्थ्यांना मुक्तपणे वावरता येई. रोग पुस्तकात नव्हे, रुग्णाच्या खाटेपाशी समजून घेण्याची ओढ असलेल्या तरुणाला हेच हवे होते.

४/ ती वास्तू मात्र जुनाट. तिथे उंदरांचा सुळसुळाट होता, असे पुढे ऑस्लर यांनीच लिहिले; पण तीव्र आजारांचे भरपूर रुग्ण आणि तळमळीचे शिक्षक हे तिचे खरे धन, असेही त्यांनी नोंदवले.

५/ १८७२ मध्ये त्यांनी मॅक्गिलची पदवी घेतली. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांनाही वॉर्डात नेऊन शिकवले.

६/ १८९२ च्या आपल्या विख्यात वैद्यकग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी तीन गुरूंच्या नावे लिहिली : शाळेतले जॉन्सन, टोरांटोचे बोव्हेल, मॉन्ट्रियलचे हॉवर्ड. टोरांटो सुटले, तिथले ऋण नाही.