वजा चिन्ह गेलं कुठे?

मुंबईतल्या कॉटन ग्रीनच्या एका गोदामात, पत्र्याच्या वळचणीखाली, वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट टांगलेला होता. त्याला विजेची वेगळी वायर नव्हती. पीओई, म्हणजे नेटच्या केबलमधूनच डेटा आणि त्याच केबलमधून वीज. पाऊस लागला की तो आधी संध्याकाळी, लोकांचे मोबाइल वाय-फायवर चढले की, रिस्टार्ट व्हायचा आणि मग एक दिवस पूर्ण बंद पडायचा. टेस्टर लावला तर आठही दिवे बिनतक्रार लागत. शेवटी आरजे-45चा प्लग भिंगाखाली धरला. 4 आणि 5 नंबरच्या पिना, म्हणजे निळी जोडी, हिरव्या-काळ्या पडल्या होत्या. 7 आणि 8, म्हणजे तपकिरी जोडी, लखलखीत होत्या. बंदराची खारी हवा आठही पिनांना सारखीच लागते, तर मग निळ्या जोडीनेच काय घोडं मारलं होतं?

निळ्या जोडीवर धन टोक होतं. खारट ओलाव्यातून डीसी वीज गळायला लागली की धन टोकाचं तांबं विरघळतं आणि ऋण टोक शाबूत राहतं. एवढं शाळेत शिकवतात. मला चक्रावून टाकलं ते त्याच्या पुढच्या गोष्टीने. टेलिफोनवाल्यांनी या दुखण्यावर फार पूर्वीच इलाज काढला होता. पीओईने टेलिफोनकडून जवळपास सगळं उचललं आणि तो इलाज तेवढा मागे ठेवला.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं 1882 साली. सुरुवातीच्या काळात फोनची बॅटरी गिऱ्हाइकाच्या घरी असे, पुढे ती एक्स्चेंजमध्ये गेली. 2 व्होल्टचे शिशाचे 24 सेल एकापुढे एक जोडले की 48 व्होल्ट होतात. घरची वीज गेली तरी लँडलाइन चालू राहायची ती या बॅटरीच्या जिवावर. पण या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं, म्हणून एक्स्चेंजची भाषा ‘वजा 48’ अशी आहे. लाइनची तार जमिनीच्या मानाने ऋण. केबलला कुठे चीर पडून ओल शिरली, तर वीज जमिनीकडून तारेकडे येते आणि तार खाल्ली जात नाही. झीज होते ती एक्स्चेंजच्या अर्थिंगची. ते जाडजूड असतं, हाताशी असतं, बदलता येतं. मैलोगणती पुरलेली तार वाचवायला खड्ड्यातलं लोखंड बळी द्यायचं, असा हा व्यवहार.

भर घालून उभ्या केलेल्या मुंबईच्या या पूर्व किनाऱ्यावर तर या इलाजाची गरज दुप्पट. 3 फेब्रुवारी 1925 रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची गाडी गेली ती याच पट्ट्यातल्या हार्बर मार्गाने, 1500 व्होल्ट डीसीवर. रुळांतून परत जाणारी वीज थोडी जमिनीत भरकटते आणि वाटेतले पाइप, केबलची वेष्टनं कुरतडते. हार्बरवरची डीसी 2016 मध्ये गेली. तोवर या पट्ट्यात केबल पुरणाऱ्या माणसाला धन कुठे आणि ऋण कुठे याचा विसर पडणं परवडलं नसेल, असं मी खुशाल धरून चालतो.

आता 48च्या वारशाचा तंटा. ध्वनिमुद्रणवाले म्हणतात, एकाच तारेतून संदेश आणि 48 व्होल्ट पाठवणं ही आमची देणगी. त्यांचा पुरावा वजनदार आहे. 1966 मध्ये न्यूमन कंपनीने नॉर्वेच्या रेडिओसाठी केबलमधूनच वीज घेणारा मायक्रोफोन बनवला. तिथल्या स्टुडिओत दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय आधीच होती, म्हणून मायक्रोफोनलाही 48. हा किस्सा मला फार आवडतो, पण वारसा म्हणून मी तो मानत नाही. जोडीच्या दोन्ही तारांवर सारखीच वीज चढवायची आणि ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकातून ती काढून घ्यायची, ही युक्ती टेलिफोनच्या फँटम सर्किटची, 1880च्या दशकातली. मायक्रोफोन आणि पीओई ही चुलत भावंडं, आजोबा एक्स्चेंजमधले. दुसरा पक्ष सुरक्षेचा: 60 व्होल्ट डीसीच्या आत राहिलं की नियम सैल होतात. बरोबर आहे, पण त्याने कमाल मर्यादा कळते, 48च का ते कळत नाही. माझ्या बाजूचा मोठा साक्षीदार म्हणजे सिस्कोने 2000 साली नेटवर्क स्विचमधून वीज द्यायला सुरुवात केली ती टेबलावरच्या आयपी फोनसाठी. पहिलं गिऱ्हाईकच टेलिफोन! वाय-फाय मागून पंगतीत बसलं.

पीओईचं 2003चं 802.3एएफ मानक तर टेलिफोनच्या हिशेबवहीतून फाडलेलं पान वाटतं. स्विचने किमान 44 व्होल्टवर 350 मिलिअँपिअर द्यायचे, म्हणजे 15.4 वॅट. शंभर मीटर केबलचा जाऊन-येऊन रोध 20 ओहम धरला, तर वाटेत 7 व्होल्ट आणि 2.45 वॅट जातात. पोचतात 12.95 वॅट. मानकात हाच आकडा छापलाय. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातली, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल आणली की रोध दीडपटीच्या आसपास जातो आणि हा हिशेब कोलमडतो. गोदामात कुजलेल्या पिनेने तेच केलं. गर्दी वाढली की अ‍ॅक्सेस पॉइंट जास्त वीज ओढणार, पिनेवर व्होल्ट पडणार, डबा रिस्टार्ट.

पण मग पूर्ण बंद का? एएफचा स्विच किंवा इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज घालणारं उपकरण, आंधळेपणाने 48 सोडत नाही. आधी 10 व्होल्टच्या आत राहून चाचपून पाहतो की पलीकडे 25 किलोओहमचा रोध आहे का. साधारण 19 ते 26.5 मध्ये उत्तर आलं तरच वीज. ओल्या, खारट प्लगमधून 30 किलोओहमची गळती धरा. 25 आणि 30 समांतर जोडले की 13.6 होतात. इंजेक्टर म्हणतो, हा आपला माणूस नव्हे. केबलमध्ये वीज नाही, टेस्टर म्हणतो सगळं ठीक, आणि ऊन पडलं की डबा आपोआप जिवंत. जेल भरलेला प्लग लावला, केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, आणि पुढच्या पावसात तक्रार आली नाही.

वजा चिन्ह परत आणलं तर? नाही जमणार. पीओईचं सर्किट जमिनीपासून मुद्दाम तोडलेलं असतं, आणि धन व ऋण एकाच प्लगात, 5 आणि 7 या पिनांमध्ये जेमतेम 2 मिलिमीटर ठेवून, नांदतात. बळी द्यायला बाहेरचं लोखंडच नाही.

घराण्यातली वांड शाखा म्हणजे 24 व्होल्टचं पॅसिव्ह पीओई. गच्चीवरच्या वायरलेस डिशना ते सर्रास असतं: 4-5 धन, 7-8 ऋण, चाचपणी वगैरे काही नाही. ते आलं कुठून? माझा अंदाज, टॉवरवरच्या दोन 12 व्होल्ट बॅटऱ्यांतून. म्हणजे पुन्हा शिशाचे सेल, फक्त निम्मे. फक्त 24वर चालणारं यंत्र एएफ स्विचला लावलं तर ते मेल्यासारखं पडून राहतं, कारण 25 किलोओहमची खूण त्याच्याकडे नाही. लोक मग वैतागून 48चा पॅसिव्ह इंजेक्टर लावतात, आणि यंत्र खरोखरच मरतं. म्हणून शिडी चढण्याआधी इंजेक्टर उलटा करून मागच्या लेबलवरचा आकडा वाचावा.