तारापूरच्या नळीची गोष्ट

तारापूरचा विषय निघाला की आपण युरेनियमवर भांडतो. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने कशी अडवणूक केली, मग फ्रान्सकडून कसं मिळालं, वगैरे. ते युरेनियम ज्या नळीत बसतं तिचं नाव कोणी काढत नाही. मला तिचा इतिहास जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण किरणोत्सारी माल आणि पाणी यांच्यामधली भिंत तीच. जाडी एक मिलिमीटरच्याही आत!

नळी झिर्कोनियमच्या मिश्रधातूची. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, म्हणून अमेरिकी नौदलाच्या रिकोव्हर यांनी 'नॉटिलस' पाणबुडीच्या अणुभट्टीसाठी तोच धरला. पण गरम पाण्यात त्याचं वागणं लहरी. एक तुकडा टिकायचा, दुसऱ्याचे पांढरे पापुद्रे सुटायचे. बराचसा दोष आत राहिलेल्या नायट्रोजनचा, म्हणून त्यावर उतारा म्हणून कथील घातलं. सुरुवातीला बरं वाटलं, पण पुढे गंजाचा वेग वाढतच गेला. मग एका वितळणीत चुकून स्टेनलेस स्टील मिसळलं, आणि नेमका तोच नमुना सरस ठरला. त्यातून १९५२ च्या सुमारास 'झिर्कालॉय-२' आला: कथील दीड टक्का, लोखंड, क्रोमियम, निकेल तिन्ही मिळून साधारण पाव टक्का.

आता खरी गोम. लोखंड आणि क्रोमियम या धातूत जवळपास विरघळतच नाहीत. त्यांचे कण होऊन आत विखुरतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचे. घटक अगदी तेच ठेवले तरी धातू किती तापवला, किती वेगाने निववला यावर कणांचा आकार ठरतो. आणि त्या आकारावर गंज.

तारापूरच्या १९६९ च्या पहिल्या दोन भट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळतं. अशा पाण्यात ऑक्सिजन असतो. कण मोठे असतील तर नळीवर फोडांसारखे पांढरे ठिपके उठतात. त्यावर जगभर उपाय निघाला तो असा: नळी घडवण्याच्या ओघात धातू हजार अंशांच्या आसपास तापवायचा आणि झटकन थंड करायचा, म्हणजे कण बारीक राहतात. आपला लोहार विळ्याला पाणी देतो, त्याच जातीचं काम. पण जिथे दाबाखाली पाणी उकळू देत नाहीत, तिथे उलटं! कण फार बारीक झाले की गंज वाढतो. म्हणून 'झिर्कोनियमची नळी आहे, काळजी नको' हे अर्धंच उत्तर आहे. कुठल्या भट्टीसाठी आणि कशी भाजलेली, हे विचारायला हवं.

निकेलचं पुढे वेगळंच निघालं. त्याच्यामुळे धातू हायड्रोजन जास्त शोषतो आणि ठिसूळ होतो, म्हणून 'झिर्कालॉय-४' मधून ते काढून टाकलं.

हैदराबादचं न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्स १९७१ मध्ये उभं राहिलं आणि तारापूरचं इंधन तिथे तयार होऊ लागलं. युरेनियमसाठी आपण दारोदार फिरत होतो, तेव्हा नळीची विद्या मात्र आपल्या हातात येत होती.