घटस्फोटातील आर्थिक तडजोड

परस्परसंमतीने विवाहविच्छेद करताना पोटगी, स्त्रीधन, राहते घर, कर्जे व अपत्यांचा खर्च यांविषयी पती-पत्नींमध्ये ठरणाऱ्या अटींना घटस्फोटातील आर्थिक तडजोड म्हणतात. भारतात या अटी न्यायालयात लेखी दाखल होऊन हुकूमनाम्याचा भाग बनल्या, तरच त्यांची थेट अंमलबजावणी करता येते. महाराष्ट्रातील न्यायालयांत त्या ‘कन्सेंट टर्म्स’ किंवा संमती अटी म्हणून ओळखल्या जातात.

कायदेशीर चौकट

हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब १९७६ साली समाविष्ट झाले. विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम २८ मध्येही तशीच तरतूद आहे. पक्षकारांनी लेखी व स्वाक्षरीनिशी केलेली कायदेशीर तडजोड नोंदवून तिच्यानुसार हुकूमनामा देण्याचा अधिकार न्यायालयाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ अन्वये आहे.

हिंदू विवाह कायद्यानुसार घटस्फोटामुळे जोडीदाराच्या नावावरील मालमत्तेत आपोआप निम्मा वाटा मिळत नाही. गोव्यात मात्र तेथील नागरी संहितेनुसार, वेगळा करार नसल्यास, मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे इतरत्र घर किंवा ठेवी कोणाकडे राहणार, हे बहुतांशी तडजोडीच्या मजकुरावर अवलंबून असते.

खासगी करार व हुकूमनामा

स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीसमोर स्वाक्षरी केलेला लेख हा केवळ करार असतो. तो मोडला गेल्यास स्वतंत्र दावा लावून प्रथम आपला हक्क सिद्ध करावा लागतो. हुकूमनाम्यातील रकमेसाठी मात्र थेट दरखास्त दाखल करून मालमत्तेची जप्ती मागता येते. न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो.

हुकूमनामा होईपर्यंत कोणताही पक्ष आपली संमती मागे घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेश्ता देवी विरुद्ध ओम प्रकाश या प्रकरणात स्पष्ट केले. पहिल्या अर्जानंतर किमान सहा महिने थांबण्याची अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते, असा निर्णय २०१७ मध्ये झाला. तरीही मधल्या काळात दिलेल्या पैशांबाबत वाद उद्भवू शकतो. म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याची आणि शेवटचा हप्ता अंतिम सुनावणीच्या वेळी देण्याची पद्धत रूढ आहे.

अटींचा मजकूर

रक्कम, देण्याची तारीख, दागिन्यांची यादी, सदनिकेचे वर्णन आणि हप्ता थकल्यास होणारा परिणाम यांचा स्पष्ट उल्लेख नसल्यास अंमलबजावणीत अडचणी येतात. ‘योग्य ती मदत करील’ अशा मोघम वाक्यावरून वसुली करता येत नाही. अर्जाचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता तडजोडीने हस्तांतरित होत असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार नोंदणी आवश्यक ठरते. संयुक्त गृहकर्जाची धनको बँक या तडजोडीत पक्षकार नसते. त्यामुळे यापुढे हप्ते पतीने भरावेत असे ठरले, तरी बँकेने मुक्त करेपर्यंत सहकर्जदार पत्नीचे दायित्व कायम राहते.

मर्यादा

सर्वच अटींना न्यायालयाची मोहर कायमची बंधनकारक करू शकत नाही. भावी पोटगीचा हक्क सोडून देणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नागेंद्रप्पा नाटीकर विरुद्ध नीलम्मा या प्रकरणात म्हटले. त्यात पत्नीने एकरकमी ८,००० रुपये स्वीकारून तडजोड केली होती. तरीही तिचा नंतरचा पोटगीचा दावा त्या तडजोडीमुळे बाद ठरला नाही. अपत्याचा निर्वाहाचा हक्क आईवडिलांना परस्पर सोडून देता येत नाही. परिस्थिती बदलल्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालील पोटगीच्या आदेशात न्यायालय फेरबदल करू शकते. फसवणुकीने मिळवलेल्या संमतीलाही आव्हान देता येते. त्यामुळे उत्पन्न व मालमत्ता खरेपणाने उघड करणे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते.