ब्रह्मपुरीच्या नाण्यांचा ठावठिकाणा

प्राचीन नाण्यावर राजाचे नाव असते, क्वचित त्याची मुद्राही असते. परंतु ते कोणत्या गावच्या भूमीतून निघाले, हे त्यावर कोरलेले नसते. ते लिहून ठेवण्याचे काम ज्याच्या हाती नाणे प्रथम पडते त्याचे होय. या लहानशा नोंदीवर इतिहासाचा केवढा भार असतो, याचे उत्तम उदाहरण करवीर प्रांतातच आहे.

हातकणंगल्याहून पश्चिमेस सहा-सात कोसांवर, पंचगंगेच्या काठी, कोल्हापुरास लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तेथे १८७७ साली जुन्या नाण्यांचा संचय सापडला. नाणी बहुतेक शिशाची. एका बाजूस धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूस चैत्य व वृक्ष, आणि ब्राह्मी अक्षरांत तीन राजांची नावे : वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर व गोतमीपुत विळिवायकुर. पुराणांतील वंशावळींत ही नावे या रूपाने आढळत नाहीत. डॉ. ऑलिव्हर कॉड्रिंग्टन व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्या नाण्यांचा परिचय विद्वानांस करून दिला.

भगवानलाल मूळचे जुनागडचे. डॉ. भाऊ दाजी यांच्या आश्रयाने त्यांनी लेणी, शिलालेख व नाणी यांचा व्यासंग केला आणि स्वतःचा मोठा नाणेसंग्रह जमविला. १८८८ साली ते निवर्तले व त्यांची नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. संग्राहकाच्या मृत्यूबरोबर त्याची स्मृतीही नष्ट होते आणि मागे नुसता धातू उरतो, असा अनुभव पुष्कळदा येतो. येथे तसे झाले नाही. प्रा. रॅप्सन यांनी १९०८ साली सातवाहन व क्षत्रप नाण्यांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत या कुर राजांची नाणी कोल्हापूर प्रांताच्या नावाखालीच नोंदलेली आहेत.

या नोंदीचे महत्त्व काय? राजांचा क्रम नाण्यांवरूनच कळतो. सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला ठसा मारला. गोतमीपुताने त्या दोघांच्याही नाण्यांवर मारला. परंतु हे राजे कोठे नांदले, हे मात्र नाणे सांगत नाही. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने हिप्पोकुरा येथील ‘बालेओकुरोस’ राजाचा उल्लेख केला आहे. त्यावरून नावाचे साम्य दिसते, स्थळ निश्चित होत नाही. करवीरचा संबंध सिद्ध होतो तो नाणी ब्रह्मपुरीस सापडली या नोंदीमुळेच. पुढे १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी त्याच टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीच्या थरांत कुर नाणी मिळून जुन्या नोंदीस बळकटी आली.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. रेव्हरंड स्कॉट यांनी ती मोजून तपासली. सर्व नहपानाची, त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उठविलेला. असे एखादे नाणे आज कोणाच्याही पेटीत असू शकेल. पण जेत्याने पराजिताचे चलन किती मोठ्या प्रमाणावर आपलेसे केले, हे त्या मोजणीवाचून कधीच कळले नसते.

शिशाच्या नाण्यास मोड म्हणून मोल नाही, आणि चांदीच्या नाण्याची वाट सोनाराच्या मुशीकडे जाते. घरोघरी देवघरात वा जुन्या पेट्यांत अशी नाणी असतात. वाटण्या होतात, नाणी चार घरी जातात, आणि वडिलांनी तोंडी सांगितलेली हकीकत एका पिढीत विरून जाते. प्रत्येक नाण्याची पुडी निराळी करून तीवर गाव, शिवार, साल, सोबत निघालेल्या वस्तू आणि ते कोणाकडून कोणाकडे आले एवढे लिहावे. नवा ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळवावे. संग्रह विखुरला तरी चिठ्ठी नाण्यासोबत राहिली, म्हणजे तो पुन्हा जुळविता येतो. चिठ्ठी हरवली, की एका पेटीत राहूनही तो विखुरलेलाच होय.