फोर-बाय-फोर गाडीचा डिफरन्शियल घरी उघडायचाय? बेअरिंग, क्राऊन-पिनियन आणि सेटिंगची माहिती

गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये लोखंडी गोळ्यासारखं जे दिसतं, त्याच्या आत डिफरन्शियल असतो. प्रॉपेलर शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून चाकांना देणं, वेग कमी करून ताकद वाढवणं, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त फिरू देणं, ही त्याची कामं. इंजिनकडून येणारा छोटा गिअर म्हणजे पिनियन आणि त्याच्यावर फिरणारा मोठा म्हणजे क्राऊन व्हील. गॅरेजमध्ये या जोडीला सरळ ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात. पिनियनला दोन आणि क्राऊनच्या हाउसिंगला दोन, अशी चार टेपर रोलर बेअरिंग असतात.

मी नाशिकला सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, मेकॅनिक नाही. बाबांच्या जुन्या जीपचा मागचा डिफरन्शियल मी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोनदा उघडला. दोनदा का, ते पुढे येईलच.

आधी आवाज ओळखा

ॲक्सिलरेटर दाबल्यावरच ‘ऊंऽऽ’ असा सूर येत असेल तर दातांचा संपर्क बिघडलेला असू शकतो. पाय काढल्यावर सूर येत असेल तर पिनियनची बेअरिंग ढिली झालीत का बघा. पाय ठेवा किंवा काढा, घरघर तशीच राहत असेल तर संशय बेअरिंगवर. फक्त वळताना आवाज येत असेल तर आतले छोटे गिअर किंवा चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना ‘खट्’ होत असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा, तो बदलणं खूप स्वस्त पडतं.

इथे तुमचा फोन खरंच कामाला येतो. ध्वनीचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. जुन्या जीपमध्ये मिळणाऱ्या एका जोडीत क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असतात, म्हणजे रेशो ५.३८. टायरचा घेर २.२ मीटर धरला तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ७.६ वेळा फिरतं. गुणिले ४३ दात, म्हणजे सुमारे ३२५ हर्ट्झ. त्या जागी उंच टोक दिसलं आणि वेगाबरोबर ते सरकलं, तर आवाज दातांचा आहे. टोक न दिसता खालच्या पट्टीत नुसती घरघर पसरलेली दिसली तर बेअरिंगकडे बघा. आमच्या जीपमध्ये दोन्ही होतं!

उघडताना

जमीन सपाट हवी, पुढच्या चाकांना अडण हवी, आणि गाडी ॲक्सल स्टँडवरच हवी. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. मित्र म्हणाला ‘दोन मिनिटांचं काम आहे’ तरीही नाही.

ऑइल काढल्यावर ते आधी नीट बघा. दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय, चंदेरी चमक असेल तर धातू झिजतोय. आमचं कॉफीसारखं निघालं. पावसाळ्यात त्र्यंबककडे ओढ्यातून गाडी घातली होती, चूक माझीच. चालून तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

ॲक्सल शाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्ट काढले की काहीही ढिलं करण्याआधी दोन नोंदी घ्या: सध्याचा बॅकलॅश आणि दातांवरचा पॅटर्न. बेअरिंगच्या दोन्ही कॅपवर पंचने खूण करा. डावी डावीकडेच, उजवी उजवीकडेच आणि त्याच दिशेने बसली पाहिजे, कारण त्या हाउसिंगबरोबर एकत्र मशिन केलेल्या असतात. शिम, म्हणजे पातळ चकत्या, कुठून निघाल्या त्याचे फोटो काढा आणि प्रत्येकीची जाडी मायक्रोमीटरने मोजून लिहा. मी दर पायरीचा फोटो काढून फोल्डर केलं होतं. ऑफिसची सवय, पण इथे तिनेच वाचवलं.

पार्ट घेताना

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर सारखा जोडी नंबर असतो. त्यामुळे एकटं पिनियन किंवा एकटं क्राऊन बदलायचं नाही. दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची: फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचा रेशो सारखा हवा. भंगारात स्वस्त जोडी मिळाली, पण ती ३९ आणि ८ दातांची निघाली तर रेशो ४.८८ होतो. मग डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस ताणाखाली येते. दुकानातच दात मोजा.

सेटिंग हेच खरं काम

बेअरिंग बसवणं फार अवघड नाही. बाहेरचे कप मी रात्रभर आईच्या फ्रीजरमध्ये ठेवले (डब्यात, नाहीतर बोलणी बसतात). थंडीने ते किंचित आकसतात आणि पितळी रॉडने ठोकून बसतात. आतला भाग मात्र प्रेसवरच बसवा. नाशिकमध्ये हे सोपं आहे. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ बनवणारा महिंद्राचा कारखाना इथलाच, त्यामुळे सातपूर-अंबडच्या पट्ट्यात प्रेस किंवा मॅग्नेटिक स्टँडचा डायल इंडिकेटर मिळायला अडचण नाही.

सेटिंगचा क्रम असा: पिनियनची खोली, पिनियनचा प्रीलोड, मग बॅकलॅश, शेवटी पॅटर्न. प्रीलोड म्हणजे बेअरिंगवर मुद्दाम ठेवलेला दाब. मोजायला पिनियनच्या फ्लँजभोवती दोरी गुंडाळून सामान मोजायच्या डिजिटल काट्याने ओढा. फ्लँज फिरत असताना काटा ५ किलो दाखवत असेल आणि त्रिज्या ४ सेंटीमीटर असेल, तर साधारण २ न्यूटन-मीटर. आमच्या जीपमध्ये हे शिमने जमवायचं असतं. अनेक नव्या गाड्यांत क्रश स्लीव्ह असते. नट जास्त आवळला तर तो मागे घेऊन भागत नाही, नवी स्लीव्हच लागते.

बॅकलॅश म्हणजे दोन दातांमधली मोकळीक, साधारण ०.१३ ते ०.२० मिलिमीटर. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा शेवटचा.

पहिल्या वेळी मी इथेच फसलो. बॅकलॅश बरोबर ०.१५ आला, मी खूश झालो आणि पॅटर्न न बघता कव्हर लावलं. शंभर किलोमीटरमध्ये सूर परत! पुन्हा उघडून दातांवर मार्किंग पेस्ट लावली, क्राऊनला हाताने थोडा अडथळा देत पिनियन फिरवलं, तर खूण दाताच्या मुळाशी. म्हणजे पिनियन क्राऊनच्या फार जवळ होतं. नवं बेअरिंग, नवी जोडी आणि खाली जुनीच शिम, हे जुळणार कसं? खूण दाताच्या टोकाशी आली असती तर उलट, पिनियन लांब आहे असं समजायचं. ती मधोमध हवी. आणि पिनियन हलवलं की बॅकलॅश पुन्हा जमवावा लागतो.

दर वेळी शिम बदलायला बेअरिंग काढणं टाळायचं असेल तर जुनी बेअरिंग फेकू नका. शिम कुठे बसते त्याप्रमाणे आतलं भोक किंवा कपची बाहेरची कड थोडी घासून घ्या, म्हणजे हाताने बसतं आणि निघतं. सगळं जुळलं की मगच नवं लावा. मला हे टर्निंगवाल्या काकांनी सांगितलं, तिसऱ्यांदा प्रेसला गेल्यावर.

हाउसिंग वाकलेलं असेल किंवा बेअरिंगची बैठक खाल्लेली असेल तर घरी प्रयत्न करू नका, गाडी गॅरेजला द्या.

जोडल्यानंतर

जीएल-५ दर्जाचं, मॅन्युअलमधल्या नंबरचं गिअर ऑइल भरा. पहिली फेरी २५ किलोमीटरची, मग पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ५०० किलोमीटर ओझं नाही, ओढणं नाही, मग ऑइल बदला. त्यात बारीक करडी भुकटी दिसली तर चालतं, कपचे दिसले तर पुन्हा उघडा.

आणि ब्रीदरला लांब रबरी नळी लावून ती वर बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या. आम्ही आता लावली आहे.